बसून बघायचे बूट

(उत्तर फिनलंडमधलं हिएताव्हारा गाव. नोव्हेंबर, एल्क या घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम. सोइलीच्या दुकानात वेइक्को स्टुलावर बसला आहे. एका पायात नवा बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. त्याची बायको हिल्का खिडकीपाशी कॉफी पिते आहे.)

वेइक्को : ते सगळं खरं. पण हे मी घेतले, तर तुझ्या पदरात काय पडतं ते आधी सांग.

सोइली : किलोभर कॉफीचे पैसे सुटतात. त्यातली अर्धी कॉफी तूच इथं बसून पितोस. राहिली अर्धी.

हिल्का : कॉफीबरोबर वेलदोड्याचा पाव खातो, तो धर. मग तू तोट्यात.

सोइली : पाव मी कधी धरत नाही. शाळेतल्या ओळखीखातर सोडून देते.

वेइक्को : आणि हिचा फायदा काय? सकाळी मी नुसतं म्हटलं, जुन्या रबरी बुटाला चीर गेलीय. वळून बघतो तर ही कोट घालून दारात, गाडी गरम करून ठेवलेली. लग्न झाल्यापासून दुकानात जायला माझ्याआधी तयार झालेली मी हिला पाहिली नाही.

हिल्का : माझा फायदा नंतर सांगते. दुसरा पाय घाल.

वेइक्को : दुसरा घातला तर मला उठवायला ट्रॅक्टर आणावा लागेल. हा बूट आहे की शेगडी? आत लोकरीचा नमदा, तळाला नमदा, वर गुडघ्यापर्यंत दोरी. यात एक टेकडी चढलो तर उतरेपर्यंत पायांचं सूप होईल.

सोइली : बोटं हलतात का, ते सांग.

वेइक्को : हलतात? आत भाडेकरू ठेवता येतील. दोन नंबर मोठा दिलास.

सोइली : मुद्दाम दिला. दोन मोजे आणि त्यांच्याभोवती हवा. पाय गरम ठेवतो तो बूट नाही, आतली हवा. आपल्या शिकार क्लबातल्या कालेर्वोनं ऐकलं नाही, अगदी मापात घेतला. त्याच्या करंगळीचं नख अजून आलेलं नाही.

वेइक्को : कालेर्वो बसतो. मी चालतो. थांब, चार पावलं टाकून बघू दे.

सोइली : चालू नकोस. बसून बघ.

वेइक्को : बूट चालून बघतात.

सोइली : हे बसून बघायचे.

वेइक्को : सोइली, मला शिकवू नकोस. कुत्र्यामागं चालणाऱ्याचा बूट पातळ लागतो. चालणाऱ्याला घाम येतो, आणि घाम गार पडला की माणूस गार पडला. जाडे बूट जागेवर टपून बसणाऱ्यांचे. शनिवारी सकाळी क्लबच्या पायरीवर सगळ्यांचे बूट ओळीनं काढलेले असतात. तिथं कुणाला विचारावं लागत नाही. बूट बघितले की कळतं, आज चालणार कोण आणि बसणार कोण.

हिल्का : म्हणजे भीती थंडीची नाही, पायरीची आहे.

वेइक्को : तू कॉफी पी.

सोइली : मी तीन हंगाम हेच घालते. माझे पायरीवरच असतात. कुणी हसलेलं मला ऐकू आलं नाही.

वेइक्को : तू शिकारीची प्रमुख. जागा तू वाटतेस. तुला हसून कालेर्वोच्या शेजारी दुधाच्या कट्ट्यावर कोण जाऊन बसेल?

हिल्का : कट्ट्याला काय झालं? छान उंच आहे.

वेइक्को : छान आहे. पूर्वी तिथं दुधाचे कॅन ठेवायचे, गाडी येऊन घेऊन जायची. आता म्हातारे ठेवतात. गाडीसुद्धा येत नाही. कालेर्वो मागच्या हंगामात तिथं बसून मोटारी मोजत होता. एल्क सोड, ससाही त्या बाजूला गेला नाही. मला ते गल्ल्यापाशी ठेवलेले हिरवे दाखव. ते पातळ.

सोइली : ते राखून ठेवलेत.

वेइक्को : कुणासाठी?

सोइली : गिऱ्हाइकासाठी.

वेइक्को : बघू तर दे. हं, हा खरा चालायचा बूट. टाच नरम, घोट्याशी घट्ट, वजन चिमणीएवढं. पण हा नंबर कुणाचा? यात माझा अंगठा जाऊन परत येईल. कुठल्या बाहुलीला शिकारीला नेतेयस?

सोइली : चांगलं चालणारी आहे म्हणतात.

वेइक्को : एवढ्याशा पावलाची माणसं शहरातून येतात. पहिल्या दलदलीत रुततात, मग फोन करतात, की मी एका झाडाजवळ उभा आहे, या. तिला सांग, वेइक्कोच्या कुत्र्याच्या वाटेत येऊ नकोस.

हिल्का : सांगेल ती.

वेइक्को : तर मला हेच, माझ्या मापात. मागवायला किती दिवस लागतील?

सोइली : हंगाम संपेपर्यंत येतील.

वेइक्को : मुद्दाम करतेयस.

सोइली : हो.

वेइक्को : का?

सोइली : तू पाव संपव, मग सांगते.

वेइक्को : संपला. सांग.

सोइली : मागच्या वर्षी शेवटच्या शनिवारी तुझ्या रेमूनं दलदलीपलीकडं एल्क अडवला होता. मोठा नर. कुत्रा अंधार पडेपर्यंत भुंकत राहिला. तू संध्याकाळी येऊन म्हणालास, दलदल पुरती गोठली नव्हती, वळसा घालून जावं लागलं, तोवर तो निसटला.

वेइक्को : गोठली नव्हतीच. काठाला पाय आत जात होता.

सोइली : रेमूच्या पट्ट्यातलं यंत्र तो कुठं आहे ते आमच्या फोनवर दाखवतं. नकाशावर एक ठिपका.

वेइक्को : ते मला माहीत आहे. यंत्र मीच घेतलंय.

सोइली : आणि तुझा फोन तुझ्या खिशात होता.

वेइक्को : मग?

सोइली : मग दोन ठिपके.

हिल्का : नियम तूच मांडला होतास रे सभेत. कोण कुठं आहे ते सगळ्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर गोळी एखाद्या माणसाला लागेल. टेबलावर मूठ आपटून मांडला होतास. घरी येऊन मूठ दुखते म्हणून मलम लावलंस.

वेइक्को : किती जणांनी बघितलं?

सोइली : जेवढे शिकारीला होते तेवढ्यांनी. तुझा ठिपका दलदलीच्या अलीकडं, त्या पडलेल्या झाडाच्या खोडावर होता. वळसाबिळसा काही नव्हता.

वेइक्को : आणि वर्षभर कुणी बोललं नाही?

सोइली : कालेर्वो बोलणार होता. मी त्याला म्हटलं, बोललास तर कट्ट्यावरची जागासुद्धा जाईल.

वेइक्को : गुडघा धरला होता. काठाला पाय आत गेला आणि तो वळला. खोडावर टेकलो ते घटकाभर टेकतो म्हणून. मग त्या पातळ बुटांत पाय असे गारठले, की आपल्याला पाय आहेत हेच कळेना. उठायचं म्हटलं तरी कशावर उठायचं?

सोइली : ते कुणालाही होईल. दुसऱ्या दिवशी मी तिथं जाऊन आले. बर्फात खूर उमटलेले होते. तो नर रेमूला सोडून निघाला तो सरळ तुझ्या खोडाशेजारून गेला. इथून त्या कपाटाएवढ्या अंतरावरून.

हिल्का : हे मला सांगितलं नव्हतंस, सोइली.

सोइली : हे मी कुणालाच सांगितलं नाही.

हिल्का : वेइक्को?

वेइक्को : म्हटलं ना, पाय बधिर झाले होते.

हिल्का : गोळी हातानं मारतात.

वेइक्को : उजेड कमी होता.

सोइली : रेमू मागून भुंकत होता, आणि तो थांबला अंधार पडल्यावर. म्हणजे उजेड होता.

वेइक्को : बरं. होता उजेड. बंदूक मांडीवरच होती. तो माझ्याकडं बघत गेला, घाईसुद्धा केली नाही त्यानं. पण गोळी झाडली असती तर आवाज कुठून आला ते सगळ्यांना कळलं असतं. मी दलदलीपलीकडं असायला हवा होतो.

हिल्का : म्हणजे तू कुठं बसला आहेस ते कळू नये म्हणून एवढा मोठा एल्क सोडलास. आणि कळलेलं सगळ्यांना आधीच होतं.

वेइक्को : आता तसं दिसतंय.

सोइली : ज्यांच्या रानात शिकार करतो त्या जमीनवाल्यांना एल्कच्या मेजवानीत आम्ही डुकराचा रस्सा वाढला. पाद्रीबाईंनी तीनदा विचारलं, एल्क असा गुलाबी का लागतोय.

हिल्का : मी म्हटलं, अजून लहान होता.

वेइक्को : हसा. तुमचं चालू द्या. पण शनिवारी कुत्रा कोण नेणार? रेमू माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.

हिल्का : घरी कुणाच्या सांगण्यावरून सोफ्यावरून उतरतो?

वेइक्को : सोफा वेगळा, जंगल वेगळं.

हिल्का : उन्हाळाभर पिवळ्या बेरी वेचायला दलदलीत कुणाबरोबर होता? तुझा गुडघा अंगणात खुर्चीवर होता तेव्हा?

वेइक्को : बेरी पळून जात नाहीत.

सोइली : ऑगस्टमध्ये त्यानं हिला एक मादी आणि तिचं पिल्लू अडवून दाखवलं. हिच्या हातात बादली होती. शीळ घातली तर सोडून परत आला. तुला तो कधी शिळेवर परत आलाय?

वेइक्को : तू ते कसं बघितलंस?

सोइली : मी बरोबर होते. मला बेरी आवडतात.

वेइक्को : थांब. वसंतात दर मंगळवारी तू चर्चच्या गाण्याच्या तालमीला जात होतीस.

हिल्का : जात होते.

वेइक्को : ईस्टरला गायलीस कुठं?

हिल्का : गायले नाही. पास झाले. शिकारीची परीक्षा, आणि मग नेमबाजीची. सोइलीनं शिकवलं.

वेइक्को : तरीच. मला वाटलं, अंगाला दारूगोळ्याचा वास मेणबत्त्यांमुळं येतोय.

हिल्का : चर्चमध्ये तू शेवटचा कधी गेला होतास ते त्यावरून कळतं.

वेइक्को : म्हणजे ते हिरवे.

सोइली : तिचे.

वेइक्को : बाहुलीचे.

हिल्का : चिमणीएवढं वजन म्हणालास. म्हणजे पसंत आहेत.

वेइक्को : आणि मी कट्ट्यावर. कालेर्वो लाल गाड्या मोजणार, मी निळ्या. तीस वर्षं ज्या कुत्र्यांमागं चाललो, त्यातला शेवटचा बायकोच्या हाती देऊन.

सोइली : कट्ट्यावर तुला कोण पाठवतंय? मी जागा वाटते ती खुरांवरून. वयावरून वाटली असती तर मी स्वतः घरी बसले असते. त्या खोडावरून वाट जाते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तू तिथं बसलास म्हणून कळलं. या हंगामात ती पहिली जागा.

वेइक्को : खोड?

सोइली : रेमू पलीकडून हलवणार, हिल्का त्याच्यामागं, आणि एल्क थांबला नाही तर तुझ्याकडं येणार. पण तिथं पहाटेपासून हलायचं नाही. पाय आपटायचे नाहीत. ते पातळ बुटांत होत नाही, तुला माहीत आहे.

वेइक्को : दयेनं देत असशील तर नको.

सोइली : कालेर्वोला यंदा तिथं ताजे खूर दिसले, दोन महिने तो ती जागा मागतोय. दया करायची असती तर त्याच्यावर केली असती.

वेइक्को : मागतोय? त्याला देऊ नकोस. तो खोकतो.

सोइली : मग दुसरा पाय घाल.

वेइक्को : थांब जरा. हिल्का, तू तुझा फायदा सांगणार होतीस.

हिल्का : सांगायलाच हवा का?

वेइक्को : सोइलीचा अर्धा किलो कॉफी. तुझा काय?

हिल्का : त्या शनिवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत फोन घेऊन बसले होते. माझ्याही नकाशावर दोन ठिपके होते. कुत्र्याचा हलत होता. तुझा हलत नव्हता. माणूस बसलाय की पडलाय, ते ठिपक्यावरून कळत नाही. सोइलीला लावायला फोन उचलायचे आणि परत ठेवायचे. मी माणसं पाठवली, आणि तू नुसता बसलेला निघालास, तर तू मला आयुष्यभर माफ केलं नसतंस.

वेइक्को : मी आलो तेव्हा तू बटाटे सोलत होतीस.

हिल्का : सोललेलेच परत सोलत होते. माझा फायदा एवढाच, की या वर्षी मला खिडकीत बसायचं नाही.

वेइक्को : सोइली.

सोइली : काय?

वेइक्को : दुसरा बूट दे. आणि जाडे मोजे.

सोइली : घे. टाच मागं दाबून घे. झालं? आता चालून बघायचंय का?

वेइक्को : नको. बसून बघतो.

हिल्का : लागतात का कुठं?

वेइक्को : कुठंच नाही. शेगडीच आहे. खोडावर बूड मात्र गार पडणार.

सोइली : त्याला नमद्याची बैठक येते. ती घे, दुकानाकडून.

हिल्का : पाव झाला, बैठक झाली. तुझी कॉफी संपली, सोइली.

वेइक्को : मग हिशोब करू. माझे बूट माझ्याकडं. बैठक सोइलीनं सोसली. हिरव्यांचे कोण देणार?

हिल्का : दिलेत. उन्हाळ्यातल्या बेरीचे.

वेइक्को : आणि मागच्या वर्षीचा एल्क गावाच्या खर्चात गेला.

सोइली : पाद्रीबाईंच्या जास्त. त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

हिल्का : रेमूचं राहिलं. आठवडाभर त्याच्या घशातून आवाज निघत नव्हता. तू दूध कोमट करून पाजत होतास. मला वाटायचं लाड करतोस.

वेइक्को : सगळ्यात जास्त त्यानंच भरलं. मी येतोच आहे असं समजून बोलावत राहिला. शनिवारी पाय जरा उचल, हिल्का. त्याला फार वेळ भुंकायला लावू नकोस.