कोरी जाळी

— नाही नाही, सैंपाकघरात नाही, गोविंदाभाऊ, इकडे आणा सिलेंडर, अंगणात, या टिनाखाली — हो, इथंच ठेवा. हळू! बाप रे, केवढ्यानं दचकली मी. तुमची चूक नाही हो, मले वाटी पडली तरी छातीत धडधड होते. थांबा, लगेच नका जाऊ. टेम्पोवाल्याले थांबू द्या जरा, बसला आहे ना तो मोबाईल पाहत? मग. एक काम आहे, दोन मिनिटाचं. तुमाले काहीच करायचं नाही, फक्त उभं राहायचं.

हे? हे ग्रिल होय. गॅसवरची. ही चार पायाची पेटी, वर झाकण, आत जाळी आणि जाळीखाली हे बर्नर. आमच्या धम्मरत्नदादानं आणली पुण्याहून, चार वर्षं झाली — त्याच्या सोसायटीतले कोणी घर सोडून चालले होते, त्यांची. ट्रॅव्हल्सच्या टपावर बांधून कारंज्यापर्यंत, तिथून ऑटोत इथं धनजले. सारं गाव पाहाले आलं, शेजारची रुपाबाई तर म्हणे, लेकानं मायसाठी पेटी आणली का पाळणा? मायले दम होता ना, डॉक्टरनं बजावलं होतं, पंचफुलाबाई, चुलीपुढं बसणं बंद. घरात गॅस होता, पण त्याच्यावर चहा अन् दूध. भाकर आणि वांगं मायले चुलीवरच लागे. म्हणून दादा म्हणे, माय, आता वांगे याच्यावर भाज, भाकर याच्यावर शेक, चुलीचं तोंड पाहू नको. आणि पेटवून दाखवाले गेला — झाकण बंद, खटका उघडा, गॅस आत भरून राह्यला, आणि यानं खालून लावली काडी. भक्! अर्धी भुवई गेली त्याची. तो हसून राह्यला, माय हसून राह्यली, आणि मी कुठी? न्हाणीत. दाराची कडी लावून. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली पोरगी, कशात काय मिसळलं का कसं पेटते हे सारं पाठ — आणि बसली न्हाणीत.

आता पाहता ते सोडा, महिन्याआधी पाहाले पाहिजे होती तुमी. गंज नुसता. टिन गळे, पाणी सारं याच्यावर. झाकण उघडाले गेली तर बिजागरीच तुटून हातात. एक वर्ष तर आमच्या कोंबडीनं याच्यात अंडे घातले, माय म्हणे, राहू दे, तिले बरं घर भेटलं. मी तारेच्या ब्रशनं घासली, मग चिंचेचा कोळ लावून ठेवला, मग पॉलिश पेपर. हात पाहा. बर्नरच्या भोकात सायकलचा स्पोक घालून एकेक भोक मोकळं केलं, आणि गॅस येते ती नळी — तिच्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं! तसंच पेटवलं असतं तर? मी रात्रभर तेच पाहत होती डोळ्यापुढं. रंग कोणता लावला ओळखा. मोटारसायकलच्या सायलेन्सरचा. दुकानवाला म्हणे, ताई, दुसरा लावसान तर पापड होऊन निंघन. बिजागरी नवी, पाइप नवा, रेग्युलेटर नवा. साबणाचं पाणी लावून पाहीन, बुडबुडा आला तर — तर तुमी आहाच ना.

काहून म्हणजे? दादा येऊन राह्यला उद्या. मायले जाऊन वर्ष होते परवा, पुण्यानुमोदन आहे, भन्ते येणार, पाहुणे येणार. आणि दादानं फोनवर सांगितलं, दीपा, भरीत मायच्या ग्रिलवर मी करणार, सगळ्याईले खाऊ घालणार. मायच्या ग्रिलवर! दर पंधरा दिवसाले पुण्याले डबा जाये ना इथून, भरताचा — त्याच्या ऑफिसातले लोक म्हणत, काय खमंग वास आहे, ग्रिलची गोष्टच वेगळी. माय फोनवर म्हणे, हो बापू, त्याच्यावरच भाजते, लय बेस आहे तुई मशीन. मीच फोटो काढून पाठवला होता, माय ग्रिलपाशी उभी, हातात वांगं.

हो. वांगं कच्चं होतं त्या फोटोत.

म्हणजे — चुलीवर, गोविंदाभाऊ. जाईपर्यंत, तीन वर्षं. पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडाच्या काड्या लावून, फुंकून फुंकून. दादाच्या त्या भक् नंतर ही एकदाही नाही पेटली. मधल्या सालात दादाले येणं जमलंच नाही, आणि गेल्या साली मयतीत आला तेव्हा ताडपत्रीखाली होती, कोणाचं ध्यान होतं? पण उद्या तो झाकण उघडणार. म्हणून तर हे चार वांगे आणून ठेवले. लोक जुनी वस्तू घासून नवी करतात, मले नवी करून मग जुनी करायची आहे. जाळीवर वांग्याचं पाणी जळलं पाहिजे, काळे डाग पडले पाहिजे, तीन वर्षं सैंपाक झाल्यासारखी दिसली पाहिजे. त्याच्या मनाले समाधान. खोटं कोणाचं? मायचंच ना. माय भ्याये गॅसले, मी त्याले तेच सांगितलं असतं — जुनं माणूस, भ्याये.

नाही भ्याये.

माय नाही भ्याये हो. तिले ते खटके उमजत नव्हते, बस. मले म्हणे, धम्मदीपा, तू एकडाव पेटवून दे, मंग मी करते सारं. पहिल्या हप्त्यात रोज म्हणे. मी म्हणे, उद्या. अभ्यास आहे. डोकं दुखते. मग एक दिवस तिनंच पाटीत काड्या भरल्या आणि चुलीपाशी जाऊन बसली. दादाचा फोन आला तर म्हणे, दीपाले बोलू नको, मलेच भेव लागते त्याचं. माझ्यासमोर म्हणे. मी तिथंच उभी होती, भाकरीची वाट पाहत. आणि आतून तिचा खोकला… मी पुस्तक घेऊन गच्चीवर जाये. तिथं कमी ऐकू ये.

द्या ती माचिस. नाही, तुमी नका लावू. तुमी लावली तर काय उपयोग? रेग्युलेटर बसला. झाकण उघडं आहे? उघडं आहे. साबणाचा बुडबुडा? नाही. पाहा तुमीबी, नाही ना? आधी काडी, मग खटका. आधी काडी… तिथंच राहा हं. बोलू नका काही. हं —

पेटली.

एवढंच? एवढासाच आवाज? फुस्स — आणि झालं?

काही नाही हो. धूर कुठचा जाईल डोळ्यात, गॅसले धूर असते का?

नाही, वांगे नका ठेवू जाळीवर. घेऊन जा तुमी ते, घरी न्या, भरीत करा. उद्या दादा झाकण उघडीन तर उघडू दे. कोरी आहे तर कोरी दिसू दे त्याले. तो विचारीन, तर मी सांगीन.

टेम्पो वाजवून राह्यला, जा. राहू द्या ना पेटलेली, मी करते बंद — आता येते मले. जा तुमी. फाटक ओढून घ्या.