वीस मिनिटांचा कडा

...आणि वर मलाच विचारतात, 'काका, वीस मिनिटं कुणाच्या पायांनी?' आता काय बोलायचं! तुम्हाला सांगतो, मी कुशाबा, पाचाडात माझी खानावळ हाय, आणि मागच्या डोंगरात हाय पाखरकडा, तिथून समोर धबधबा दिसतो, खाली तळं दिसतं, आणि मुंबई-पुण्याची पोरं गाडीतून पाय खाली ठेवायच्या आधी विचारतात, 'अंकल, व्ह्यू पॉइंट किती लांब?' मी म्हणतो, वीस मिनिटं! एकतीस वर्षं म्हणतोय. वर काय नजारा, काय वारा, डोळ्यांचं पारणं फिटतं, सगळं रंगवून सांगतो... स्वतः गेलोय कधी? छे हो! खानावळ कोण बघणार, तुम्ही?

पण त्या दिवशी एक मुलगी लंगडत आली आणि थेट आमच्या मंडळींपुढं, आनंदीबाईपुढं, जाऊन बसली. 'काकी, दोन तास लागले हो!' झालं! हिनं परात बाजूला सारली. 'अहो, उद्या आपण कड्यावर जायचं. नायतर परवापासून भाकऱ्या तुम्ही थापा.' आता मी थापलेली भाकरी कुत्रंसुद्धा आधी हुंगून बघतं, अख्ख्या गावाला ठाऊक हाय! आणि वर हळूच म्हणते कशी, 'लग्न झालं तेव्हा बोललेलात, कड्यावर नेतो. उद्या नेतो, बोललेलात.' एकतीस वर्षं लक्षात ठेवलंन हो!

निघालो. म्हटलं, वीस मिनिटांचा तर रस्ता! पहिली दहा मिनिटं मी पुढं. मग ती पुढं. मग ती... दिसेचना! इकडं दगडावर पाय ठेवावा तर दगड हलतो, करवंदीची जाळी धरावी तर काटे, श्वास तर खाली खानावळीतच राहिलेला... आणि वरून उतरणारी पोरं ओळखतात की मेली! 'अरे, हे तर वीस मिनिटंवाले काका!' मी कसंबसं विचारलं, 'बाबांनो, अजून किती राहिलं?' त्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि एका सुरात... 'काका, वीस मिनिटं!'

बसलो जांभळीखाली. म्हटलं, आता मला इथूनच उचला! तर वरून आवाज, 'उजवीकडनं या हो! डावीकडं शेवाळ हाय, घसराल!' आता मला सांगा, पहिल्यांदा येणाऱ्या बाईला शेवाळ डावीकडं हाय हे कसं कळलं?

पोचलो एकदाचा. आई शपथ... मी एकतीस वर्षं सांगत होतो ते कमीच होतं हो! धबधबा तो केवढा, तळ्याकाठी गुरं मुंग्यांएवढी, आणि ही पदर खोचून, पिशवीतली भाकरी-चटणी काढून निवांत बसलेली. म्हटलं, 'तू आलेलीस इथं?'

'लाकडाला यायचे. शेजारच्या येसूबाईबरोबर.'

'आपल्याकडं गॅस येऊन किती वर्षं झाली गो!'

'मग नुसती बघायला यायचे.'

'बोललीस का नाय कधी?'

तर भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणते, 'तुम्ही नेणार होतात ना... म्हटलं, नेतील.'

लाज वाटली, खरं सांगतो. एवढीशी गोष्ट मागितलेली तिनं, आणि ती पण मला तिनंच ओढत आणून दाखवली.

उतरताना शपथ घेतली, आता खोटं बोलायचं नाय. दुसऱ्या दिवशी गाडी थांबली, सहा जण. 'अंकल, व्ह्यू पॉइंट किती लांब?' मी छाती काढून सांगितलं, 'दोन तास! चढ हाय, शेवाळ हाय, गुडघे सांभाळा!' पोरांनी तोंडं बघितली एकमेकांची आणि चहासुद्धा न पिता गाडी वळवली की हो!

आणि आतून आवाज, कुणाचा म्हणून काय विचारता... 'अहो, वीस मिनिटं सांगा की! सहा जणांच्या भाकऱ्यांची उकड मळून बसलेय मी!'

आता बोला! ...तुम्हाला जायचंय का वर? जा, जा. जवळच हाय. जेवून जा फक्त.