सशाच्या पिल्लाची आई वारलेली नव्हती

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या मासिकाचे संपादक, छापखान्यातली मंडळी, पुढच्या रांगेतले माझे बालवाचक, त्यांना सुटीच्या दिवशी इथं धरून आणणारे पालक, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आजच्या उत्सवमूर्ती, आमच्या चित्रकार ताई, सर्वांना नमस्कार.

सूत्रसंचालक बाईंनी मघाशी माझी ओळख ‘रानावनाचे गाढे अभ्यासक’ अशी करून दिली. हा गैरसमज मी गेली बावीस वर्षं जिवापाड जपला आहे. तिसऱ्या रांगेत माझी पत्नी बसली आहे. ओळख ऐकून ती का हसली, ते सांगतो. घरात पाल निघाली की मी खुर्चीवर चढतो आणि झाडू ती हातात घेते. अशा माणसानं मगरीवर सहा भागांची लेखमाला लिहिली! कुठं बसून? तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली, खिडकीतून खाली लावलेल्या गाड्या बघत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते यालाच. माझ्यापाशी तर उंटही नव्हता, फिरती खुर्ची होती.

सुरुवातीला मी पेंग्विनवर लिहायचो. पेंग्विन बरा, तक्रार करायला येत नाही. पण संपादक म्हणाले, मुलांना आपल्याकडचे प्राणी हवेत, कुंपणापलीकडे दिसतात ते. झालं! माझी पाचावर धारण बसली. आपल्याकडचे प्राणी कुणीतरी पाहिलेले असतात ना!

ते कुणीतरी म्हणजे ताई. आमच्या कार्यालयात एक रीत आहे. गोष्ट आधी चित्रकाराच्या टेबलावर जाते. चित्रकार समासात पेन्सिलीनं शंका लिहितो, लेखकानं त्याखाली पेनानं उत्तर द्यायचं, आणि मगच मजकूर पुढं सरकतो. मी अस्वलाला थंडीभर गुहेत झोपवलं, तर समासात प्रश्न आला, ‘आपल्याकडं कधी बर्फ पडलं?’ मी खवल्या मांजराला तीक्ष्ण दात दिले. त्याला दातच नसतात, ते मुंग्या गिळतं. ताईंनी ते दात एकेक करून पेन्सिलीनं उपटले. हे सगळं तुमच्यापर्यंत पोचलं नाही, म्हणून मी गाढा अभ्यासक.

आता मुद्द्यावर येतो. खरं तर टाळायचा विचार होता. पण ताई निवृत्त होऊन निघाल्या आहेत, आज नाही सांगितलं तर कधी सांगणार?

अकरा वर्षांपूर्वी मी एक गोष्ट लिहिली. गवतात सशाचं एकटं पिल्लू सापडतं, एक मुलगी त्याला घरी नेते, चमच्यानं दूध पाजते, कुशीत घेऊन झोपते. लिहिताना माझे स्वतःचे डोळे भरून आले होते, म्हणजे बघा. दुसऱ्या दिवशी कागद परत आला. समासात लिहिलेलं, ‘आई कुठं गेली?’

मी उत्तर दिलं, ‘वारली.’

कागद पुन्हा आला. ‘कशानं?’

मी लिहिलं, ‘गोष्टीसाठी.’

त्यावर ताई स्वतः उठून माझ्याकडं आल्या. त्यांनी शांतपणे समजावलं, की सशाचं पिल्लू एकटंच असतं. आपल्या वासानं कोल्हा तिथं पोचू नये म्हणून आई मुद्दाम दिवसभर लांब बसते, आणि तिन्हीसांजेला येऊन दूध पाजून जाते. असं पिल्लू उचलू नये. उचललं तर ते बहुधा मरतं. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, की आई जिवंत ठेवली तर रडायचं कुणासाठी? ताईंनी चित्र काढायला नकार दिला. मी संपादकांकडं गेलो. अंक निघायला चार दिवस होते, संपादकांनी माझी बाजू घेतली. चित्राच्या जागी पानाफुलांची नक्षी छापली. मी जिंकलो! आणि त्या विजयाप्रीत्यर्थ सगळ्यांना चहा पाजला. ताईंनीही घेतला.

महिन्याभरानं सकाळी कार्यालयात फोन आला. एक मुलगी, वय वर्षं आठ, लेखक काकांना मागत होती. मी ऐटीत रिसीव्हर घेतला. ती म्हणाली, काल दुपारी तिला शाळेमागच्या माळावर सशाचं पिल्लू सापडलं. तिनं सगळं गोष्टीतल्यासारखं केलं. पण ते दूध पीत नाही, आणि आता मानही वर करत नाही. तुमच्या गोष्टीत पुढं काय झालं?

माझी गोष्ट तिथंच संपली होती. ताईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. नेमकी जागा विचारली, दूध बंद करायला सांगितलं, खोक्यावर फडकं टाकून खोली अंधारी कर म्हणाल्या, आणि पत्ता लिहून घेतला.

दोन बस बदलून आम्ही गेलो. चपलेच्या खोक्यात मूठभर जीव होता, डोळे टक्क उघडे. मी वाकून पाहिलं, तर त्याचं पोट भराभर उडत होतं. त्या पोरीनं रात्रभर उशाशी ठेवलं होतं त्याला. ऊन उतरल्यावर आम्ही तिघं माळावर गेलो, तिनं बरोबर तीच खळगी दाखवली, ताईंनी पिल्लू तिथं ठेवलं आणि आम्ही लांब पंपाच्या खोलीमागं जाऊन बसलो. दुर्बीण ताईंनी त्या मुलीकडं दिली. माझ्याकडं दिली नाही, आणि ते योग्यच होतं.

मुलगी दुर्बिणीतून बघत होती. मध्येच मला म्हणाली, “काका, त्याची आई येईल ना? तुमच्या गोष्टीत तर नाही आली.”

मंडळी, टीका मी पुष्कळ सोसली आहे. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

अंधारलं, गवत दिसेनासं झालं. आम्ही मुलीला घरी पोचवून परतलो. सकाळी तिचा फोन आला, की खळगी रिकामी आहे. मी लगेच म्हणालो, बघ, आई घेऊन गेली! ताईंनी रिसीव्हर ओढून घेतला. म्हणाल्या, “बाळ, काकांना तसं वाटतं. मलाही वाटावंसं वाटतं. पण कोल्ह्यानंही नेलं असेल. आपल्याला माहीत नाही.” मग ताईंनी तिला एवढंच सांगितलं, की वर्गात चारजणांना सांग, पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही.

पुढच्या अंकात ताईंनी ती रिकामी खळगी काढली, आणि त्याखाली मी ताईंचे फोनवरचे शब्द उतरवले. नाव माझं छापलं. ‘आपली चूक मान्य करणारा लेखक’ म्हणून याच सभागृहात, याच व्यासपीठावर माझा सत्कार झाला. मी हात जोडून तो स्वीकारला. ताई सहाव्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. ताई, तो सत्कार तुमचा होता. चोरला होता मी, आज परत करतो.

नंतर एका मुलाचं पत्र आलं होतं. ‘पिल्लू दिसलं. हात लावला नाही. लांब उभा राहिलो. संध्याकाळी आई आली.’ एवढंच. बावीस वर्षांत मला याहून चांगली गोष्ट लिहिता आलेली नाही.

अध्यक्ष महाशय घड्याळ बघताहेत, आटपतो. संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर पदरात घ्या. ताईंची क्षमा मागून झाली. त्या मुलीचीही, पत्रानं का होईना, मी तेव्हाच मागितली होती.

एकीची राहिली. आम्ही माळावर गेलो त्याच्या आदल्या संध्याकाळी ती रोजच्या वेळी दूध पाजायला आली असणार, आणि पिल्लू तिथं नव्हतं.