चार ट्रकांवरची पांढरी माती

यिन्गापा पोलीस ठाणे, तनामी रस्ता. शुक्रवार, सकाळ.

मी, केरिशा नापुरुर्ला डिक्सन, वय २३ वर्षे, काम यिन्गापा दवाखान्यात नोंदणी कारकून, राहणार दक्षिण आळी, यिन्गापा वस्ती. सध्या सुतकामुळे मुक्काम कोरड्या नदीकाठचा तळ. मी आपण होऊन ठाण्यात आले आहे आणि समक्ष सांगते ते असे:

श्री. डॅरल फेनविक यांनी माझ्याविरुद्ध मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार दिली आहे. ती सार्जंट पाइक यांनी मला वाचून दाखवली. बोलायचे नसेल तर गप्प राहता येते, हेही सांगितले. मला बोलायचे आहे. मला इंग्रजी लिहिता-वाचता येते. आमच्या घरात शाळा पूर्ण केलेली मी पहिलीच. सोबत माझी आजी, आईची आई, बसली आहे. आमच्यात सुतक अनेक महिने चालते. ती सुतकात असल्यामुळे तोंडाने बोलत नाही, हातांच्या खुणांनी बोलते. तिचे म्हणणे मी सांगितले तर ते तिचे आहे असे स्पष्ट म्हणेन. ज्याबद्दल मला खात्री नाही तेही तसेच सांगेन.

आधी नावाविषयी. हा जबाब माझ्या मावशीबद्दल आहे. ती मार्चमध्ये ॲलिस शहराच्या रुग्णालयात वारली. सार्जंट पाइक यांनी तिचे पूर्ण नाव विचारले. मी सांगितले नाही. आमच्यात माणूस गेले की त्याचे नाव मिटते. त्याच नावाचे दुसरे कोणी असेल तर त्यालाही त्या नावाने हाक मारत नाहीत, कुमुंजाई म्हणतात. दवाखान्यातल्या एका नर्सचे नाव मावशीचेच आहे. ती मेलबर्नहून आलेली. मावशी गेल्याचे कळले त्या दिवशी तिने छातीवरच्या बिल्ल्याला आपणहून चिकटपट्टी लावली. आता आम्ही तिलाही कुमुंजाई म्हणतो आणि ती ओ देते.

“नावाशिवाय कागद अपुरा राहील गं,” सार्जंट पाइक म्हणाल्या.

“राहू दे. तुमच्याकडे मृत्यूचा दाखला आहे. माझ्या तोंडून नको.”

त्यांनी जागा कोरी सोडली. कंपनीचे नावही मावशीच्याच नावावरून ठेवलेले आहे, म्हणून तिथेही कोरी जागा आहे. मी तिला नुसते ‘ती कंपनी’ म्हणते.

कंपनी निघाली तेव्हा मी डार्विनला वसतिगृहात होते. त्या वेळचे मी मावशीकडून ऐकलेले सांगते आहे. मावशी दवाखान्यातली चादरी-कापडे धुण्याचे काम करत असे. तिला धुलाईचाच धंदा काढायचा होता. मोठी यंत्रे, गरम पाणी आणि वस्तीतली सगळी ब्लँकेटे. आमच्याकडे एका ब्लँकेटवर लेकरे झोपतात, कुत्री झोपतात आणि तनामी वाळवंटाची लाल धूळही झोपते. थंडी संपली की मावशी ते ढीग बघून कपाळाला हात लावायची.

आम्हा आदिवासी लोकांनी धंदे काढावेत म्हणून सरकारची योजना आहे. सरकारी कामांतला ठरावीक वाटा आमच्या मालकीच्या धंद्यांना द्यायचा, असा नियम आहे. त्यासाठी निम्म्याहून जास्त मालकी आमची लागते आणि तशी नोंदणी लागते. योजनेची माणसे वस्तीत आली होती. सभागृहात सँडविच दिले आणि प्रत्येकीला विचारले, “तुमचं स्वप्न काय?” मावशी म्हणाली, “ब्लँकेटं धुवायची.” सगळ्या बाया हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिले, ‘धुलाई’. मग म्हणाले, अनुभवी भागीदार घ्या, म्हणजे नोंदणी आणि कर्ज सोपे जाईल. फेनविक त्या दिवशी सभागृहाचा बिघडलेला कूलर दुरुस्त करायला आले होते. ते शिडीवरून उतरले आणि भागीदार झाले.

शंभरातले एक्कावन्न हिस्से मावशीचे आणि बाकीचे त्यांचे, असे ठरले. नोंदणी झाली. कंपनीला सरकारी घरांच्या दुरुस्तीचे काम मिळाले, आमच्या वस्तीचे आणि आजूबाजूच्यांचे. ट्रक आले, पुढे चार झाले. प्रत्येक ट्रकच्या दोन्ही दारांवर मावशीचे नाव आणि तिचा फोटो लावला. पिवळा सदरा घालून ती हसते आहे. तो सदराही कंपनीचा होता. फोटो झाल्यावर परत घेतला.

धुलाईचे यंत्र आले नाही. पुढचे मी सुट्टीत घरी असताना स्वतः ऐकले आहे.

“डॅरल, माझं मशीन?”

“पुढच्या वर्षी, मम्मा. आधी धंदा उभा राहू दे.”

“चार ट्रक उभे आहेत की.”

“तेच तर. ट्रकांना डिझेल लागतं, मम्मा.”

ते तिला मम्मा म्हणत. तिला मूल नव्हते. आमच्यात मावशी ही आईच असते, म्हणून तिला आई म्हणणारी आम्ही होतो. फेनविक यांनी तिला कोणत्या नात्याने मम्मा म्हटले हे मला माहीत नाही.

एकदा ते तिला डार्विनला बक्षीस समारंभाला घेऊन गेले. तिथे तिने काचेचे पदक हातात धरून फोटो काढला. ते पदक फेनविक यांच्या ॲलिसच्या कचेरीत कपाटावर आहे. मी या मंगळवारी पाहिले.

सार्जंट पाइक यांनी विचारले की याचा तक्रारीशी काय संबंध. संबंध आहे. आमच्यात ज्याच्याकडे गाडी आहे त्याने नातलगांना ती द्यायची असते. नाही म्हणणे ही लाजेची गोष्ट आहे. चार ट्रकांवर मावशीचे तोंड होते, त्यामुळे ट्रक तिचे, असेच सगळे धरून चालले. कोणाला अंत्यविधीला जायचे असे, कोणाला बाळंतिणीला आणायचे असे.

“ए मालकीणबाई, चार-चार ट्रक फिरवतेस आणि सख्ख्या भावजयीला एक देववत नाही?”

“गोऱ्यांच्यात राहून गोरी झाली गं ही.”

हे तिच्या तोंडावर बोलत. ट्रकची किल्ली तिच्या हातात कधीच आली नाही. ती तसे सांगायची. कोणाला पटत नसे, कारण दारावर तीच हसत असायची. नंतर नंतर तिने दुकानात जायचे सोडले. तिचे सामान मी आणून देत असे. चिकट, हात आखडता असलेली अशी ख्याती घेऊन ती गेली. तिच्याएवढे दुसऱ्यांचे धुणे कोणी धुतले नसेल. हे शेवटचे वाक्य वस्तुस्थिती नाही, माझे मत आहे. तसे लिहावे.

मूत्रपिंडे बिघडल्यावर तिला ॲलिसला राहावे लागले. गेल्या नाताळात तिला दोन दिवस घरी यायचे होते. बस बंद होती. तिने फेनविक यांना फोन लावला, तेव्हा मीही वस्तीतून त्याच फोनवर जोडलेली होते. माल उतरवून ट्रक तसाही वस्तीकडे रिकामा परतत होता.

“विम्यात बसत नाही, मम्मा. कामगार सोडून कोणाला बसवता येत नाही.”

“मी मालकीण आहे ना?”

“तू कागदावर आहेस गं. ट्रकात नाहीस.”

हे वाक्य मला जसेच्या तसे आठवते. ट्रक आला. तो वस्तीच्या फाटकातून शिरताना मी पाहिला. दारावर मावशी होती, आत चालक एकटा होता. ती त्यानंतर घरी आली नाही. आली ती मार्चमध्ये, पेटीतून. तेव्हाही ट्रक नव्हता.

ती गेल्यावर आम्ही घर बंद केले आणि नदीकाठच्या तळावर राहायला गेलो. दुकानाच्या भिंतीवर बायांच्या फुटबॉल संघाचा फोटो होता, त्यात ती होती. दुकानदाराने तो उलटा केला. शाळेनेही तिचा फोटो काढून ठेवला. कोणी सांगायला गेले नव्हते. फक्त ट्रक तसेच फिरत राहिले. गेल्या सोमवारी त्यातला एक नळ दुरुस्त करायला थेट आमच्या तळावर आला आणि आजीच्या समोर थांबला. आजीने आपल्या गेलेल्या लेकीला हसताना पाहिले.

त्यानंतर आजीने काय केले ते मी सांगणार नाही. तिच्या कपाळावरच्या जखमेची पट्टी सार्जंट पाइक यांनी पाहिली आहे. दवाखान्यात नोंद आहे, ती मी स्वतः केली.

मंगळवारी मी रजा घेऊन ॲलिसला फेनविक यांच्या कचेरीत गेले. मी आवाज चढवला नाही. फक्त नाव आणि फोटो झाका एवढी विनंती केली. कापड मी देते, असेही म्हणाले.

“अगं पोरी, नाव झाकलं तर नोंदणी झाकली,” ते म्हणाले. “नोंदणी गेली की काम गेलं. शुक्रवारी सरकारची माणसं येतायत. यशस्वी धंद्यांचं पुस्तक काढतायत, ट्रकांचे फोटो घेणार आहेत.”

“ती गेली हे त्यांना कळवलंत का?”

“कळवू. योग्य वेळी.” मग त्यांनी चहा मागवला. “खरं तर तूच ये ना तिच्या जागी. शिकलेली आहेस. फोटोही छान येईल तुझा. एवढे हिस्से तुझे, बसल्या जागी.”

मी तो चहा प्यायला नाही.

बाहेर येऊन मी नोंदणी कार्यालयाच्या मदत क्रमांकावर फोन केला. धंदा सुरू करायचा असेल तर एक दाबा, धंदा चालवत असाल तर दोन दाबा, असे यंत्राने सांगितले. मी दोन दाबले. बऱ्याच वेळाने एक बाई आल्या. मी सांगितले की या कंपनीची मालकीण वारली आहे, तिचे नाव उतरवा.

“नोंदीत बदल फक्त मुख्य मालक करू शकतात,” त्या म्हणाल्या. “त्यांना स्वतः फोन करायला सांगाल का?”

“त्या वारल्यात, बाई.”

“समजलं. तरी ओळख पटवायला आवाज त्यांचाच लागेल.”

त्या बाई माझ्याशी सभ्यपणेच बोलल्या. फोन ठेवताना त्यांनी आजच्या सेवेला किती तारे द्याल असेही विचारले.

बुधवारी मी आजीला सगळे सांगितले. तिने खुणेने विचारले, ट्रक कुठे आहेत. मी म्हटले, शुक्रवारच्या फोटोसाठी उद्या चारही धुऊन दुकानासमोर उभे करणार आहेत. सुतकात अंगाला लावायची पांढरी माती तिच्या डब्यात होती. तिने तो डबा माझ्यासमोर ठेवला. हे तिचे म्हणणे आहे आणि ते माझेही आहे.

गुरुवारी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मी चारही ट्रकांच्या दारांवर ती माती हाताने फासली. फोटोवर आणि नावावर. इतर कुठेही नाही. काच, दिवे, चाके यांना हात लावला नाही. ओरखडा नाही. पाण्याने धुतली तर ती जाते.

“चार ट्रक एकटीनं?” सार्जंट पाइक यांनी विचारले.

“बाकी कोणाचं नाव सांगणार नाही.”

“म्हणजे एकटीच होतीस असं लिहू?”

“तसंही लिहू नका. ते खोटं होईल.”

एवढेच सांगते की मावशीला मालकीणबाई म्हणून टोमणे मारणारे काही हात त्यात पांढरे झाले.

फेनविक गुरुवारीच आले. त्यांनी मातीला हात लावला नाही, कारण सगळी वस्ती बघत उभी होती. ते ठाण्यात आले. आज सकाळी मी ठाण्याच्या पायरीवर असताना ते माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात भागीदारी बदलाचे कागद होते. “यावर सही कर, मी तक्रार आत्ता मागे घेतो. तू वाचशील, ट्रक वाचतील, तुझ्या मावशीचं नावही आपोआप निघेल.” आजी माझ्या शेजारी होती. तिला सगळी इंग्रजी कळत नाही, पण तिने माझा उजवा हात धरला आणि आत येईपर्यंत सोडला नाही.

मी त्या कागदांवर सही केलेली नाही आणि करणार नाही. माझे नाव, माझा फोटो, माझ्या बहिणींपैकी कोणाचेही नाव किंवा फोटो त्या कंपनीने वापरू नये. तशा वापराला माझी संमती नाही, हे या जबाबाने सांगते.

मी ट्रकांवर माती लावली हे मला मान्य आहे. ते नुकसान होते हे मान्य नाही. दंड झाला तर भरीन. नोकरी गेली तर माझ्या घरात दुसरी नोकरी नाही, याची मला भीती वाटते. तरीही सांगितलेले बदलणार नाही.

त्या कंपनीची मुख्य मालकीण मार्चमध्ये वारली, तिला कधीही यंत्र, किल्ली किंवा हिशोब मिळाला नाही, एवढे नोंदणी कार्यालयाला कळावे म्हणून या जबाबाची एक प्रत सार्जंट पाइक यांनी तिकडे पाठवावी, अशी विनंती आहे. मालकिणीचा आवाज त्यांना मिळणार नाही. हा माझा आहे.

माती कोणी पुसू नये. सुतक संपल्याचे आजी सांगेल, त्या दिवशी फोटो आणि नाव उतरवलेले असेल तर मी स्वतः गरम पाणी घेऊन येईन आणि चारही ट्रक धुऊन देईन. त्याचे पैसे घेणार नाही. आमच्या घरातून सरकारच्या योजनेतले एवढे एक तरी धुणे व्हावे.

वरील मजकूर सार्जंट पाइक यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो आजीला आमच्या भाषेत सांगितला आणि तिने हाताने होकार दिला. मी सांगितले तेच लिहिले आहे. मध्ये जिथे जिथे कोरी जागा आहे ती राहून गेलेली नाही, माझ्या सांगण्यावरून सोडलेली आहे. ती नंतर कोणीही भरू नये.

सही: केरिशा नापुरुर्ला डिक्सन
समक्ष: सार्जंट एम. पाइक