थंड गाडीचा उभा काटा

जबाब देणाऱ्याचे नाव ओळखपत्रावरून वेगळे उतरवून घेतले आहे. वय ५९ वर्षे, धंदा बंद पडलेल्या गाड्या टोचन करून नेणे, राहणार गॅरेजच्या वरचा मजला. ट्रक स्टँडवर मला थांबेबुवा म्हणतात.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझी मुलगी आणि जावई असे तिघे राहतो. पत्नी हयात नाही. खाली गॅरेज आहे. टोचनचा ट्रक माझ्या नावावर असून तो मीच चालवतो. जावई गाड्यांचं वायरिंग करतात आणि गिऱ्हाइकांचे फोनही तेच घेतात. लग्न झाल्यापासून ते आमच्याकडे राहतात. स्टँडवर कुणी त्यांना घरजावई म्हणालं की मी त्याला तिथल्या तिथे गप्प करत असे. माझ्या घरात ते कधीच उपरे नव्हते.

ट्रकला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. मागे दुसरी गाडी घेऊन चढ चढताना गिअरबॉक्सचं तेल तापतं. कंपनीने त्यासाठी डॅशबोर्डवर नुसता एक दिवा दिला आहे. तो दिवा सगळं उरकल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखा, तेल जळून गेलं की पेटतो. म्हणून मी बाहेरून तापमानाचे दोन मीटर विकत आणले, एक इंजिनच्या पाण्याचा, दुसरा गिअरबॉक्सच्या तेलाचा. दोन्ही जावयांनी बसवून दिले. मीटर गोल आहेत. मी ते थोडे फिरवून बसवायला लावले, म्हणजे गाडी थंड असताना काटा खाली पडलेला असतो आणि तापमान ठीक असलं की बरोबर वर, सरळ उभा राहतो. आकडा वाचायची गरज नाही. नजर रस्त्यावर ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं की काटा उभा आहे का कलला.

तेलाच्या मीटरच्या काचेवर मी मुलीच्या नेलपॉलिशने एक लाल ठिपका दिला. काटा ठिपक्याला टेकला की गाडी बाजूला घ्यायची, न्यूट्रल करायची, इंजिन चालू ठेवायचं आणि काटा पुन्हा उभा होईपर्यंत थांबायचं. मागच्या गाडीचा मालक कितीही डोकं खाऊ दे, थांबायचं म्हणजे थांबायचं. त्यावरून मला थांबेबुवा हे नाव पडलं. मी ते आनंदाने लावून घेतलं होतं.

जावयांशी संबंध कसे होते असं साहेबांनी विचारलं. चांगले होते. लग्न ठरायच्या आधी ते माझ्या गॅरेजमध्ये एका गाडीचं काम करायला आले होते. त्यांची एक सवय मी तेव्हा पाहिली. वायरला टेप गुंडाळून झाली की ते टेपचं शेवटचं टोक आत दुमडून ठेवतात, कानासारखं. असं कशाला करता म्हणून विचारलं, तर म्हणाले, उद्या कुणाला ही वायर सोडवायची झाली तर नख लावून टोक शोधत बसायला नको. मी त्याच दिवशी मुलीला म्हणालो, जो माणूस पुढच्या माणसाचा विचार करून काम करतो तो तुला जपेल. इतर चौकशी मी फारशी केली नाही.

साधारण वर्षभरापासून माझ्या थांबण्यावरून घरात कुरबुर होती. गिऱ्हाईक चढावर अडकलं की फोन जावयांना करायचं आणि बोलणी त्यांना खावी लागायची. गावाच्या पलीकडच्या टोकाला दुसऱ्या लोकांनी टोचनचा धंदा सुरू केला होता आणि ते कुठेच थांबत नाहीत असं लोक सांगत. एकदा जेवताना जावई म्हणाले, "बाबा, तुमचा काटा म्हणजे लाडावलेलं पोर झालंय. जरा अंग गरम लागलं की तुम्ही त्याला कडेवर घेऊन बसता."

मी म्हणालो, "जावईबापू, पोराला थर्मामीटर तुम्हीच लावून दिलात. आता तक्रार कसली करता?"

मुलगी हसली, तेही हसले. मला वाटलं विषय संपला.

त्यानंतर काही आठवड्यांनी जावयांनी स्वतःहून ट्रकच्या पुढच्या जाळीमागे गिअरबॉक्सच्या तेलासाठी एक कूलर बसवला. काम करताना डॅशबोर्डही उघडला होता. मी विचारलं तेव्हा मीटरच्या वायरी जुन्या झाल्यात, बदलतो आहे, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी जड गाडी घेऊन चढ चढलो आणि काटा वरपर्यंत जागचा हलला नाही. खाली आल्यावर मी स्टँडवर जाऊन जावयाचं तोंड भरून कौतुक केलं. थांबेबुवाचं थांबणं माझ्या जावयाने बंद केलं, असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो.

तेव्हापासून जावई रोज सकाळी माझ्याआधी उठून खाली जाऊ लागले. ट्रक चालू करून, गॅरेजच्या बाहेर एक फेरी मारून आणून उभा करायचे. मी खाली उतरलो की दार उघडून धरायचे आणि म्हणायचे, "बसा बाबा, गाडी गरम करून ठेवलीय." मला सकाळी गुडघा धरतो, थंड गाडीचा क्लेश नको म्हणून करत असतील असं मी समजलो. माझ्या स्वतःच्या भावाने माझं इतकं केलेलं नाही. मुलगी मला वर बसवून चहा द्यायची आणि कप संपला की दुसरा भरायची. मी निघतो म्हणालो की म्हणायची, "बसा हो बाबा, गाडी गरम होतेय तोवर." दिवसभर ट्रक फिरताच असल्यामुळे तो पुरता थंड झालेला मी त्या काळात एकदाही पाहिला नाही. हे मला आत्ता सांगताना कळतं आहे.

घटनेच्या दिवशी दुपारी एका बेकरीवाल्या बाईंची मालाची व्हॅन चढाच्या पायथ्याशी बंद पडली होती. मी व्हॅन ट्रकच्या मागे जोडून घेतली. बाई माझ्या शेजारी केबिनमध्ये बसल्या. चढ अर्धा झाल्यावर त्या म्हणाल्या, पायाखाली गरम लागतंय. मी काट्याकडे पाहिलं. तेलाचा काटा सरळ उभा होता. पाण्याचा किंचित कलला होता, चढावर तेवढा तो कलतोच. मी त्यांना सांगितलं की इंजिनची ऊब आहे. थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "अहो, चपलेतून चटका बसतोय." मी बोट दाखवून म्हणालो, "ताई, तो काटा बघा. उभा आहे ना? मग निर्धास्त बसा." त्या माझ्यावर विश्वास ठेवून बसून राहिल्या.

पुढच्या वळणाआधी केबिनमध्ये जळकट वास आला आणि पायाखालून धूर निघाला. मी ब्रेक लावून उतरलो. गिअरबॉक्सचं तेल उकळून बाहेर पडलं होतं आणि तापलेल्या सायलेन्सरवर पडून पेटलं होतं. बाईंच्या बाजूने ज्वाळा वर आल्या. मी त्यांना ओढून बाहेर काढलं, पण तोवर त्यांचे दोन्ही पाय भाजले होते. त्या दवाखान्यात आहेत. जीव वाचला आहे. पुन्हा चालतील का ते डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, ते बरोबरच केलं.

माझ्यावर हयगयीने गाडी चालवून बाईंना जखमी केल्याचा ठपका आहे आणि माझं लायसन्स जमा केलं आहे. आगीनंतर घरी जावई मला म्हणाले, "बाबा, काट्याकडे बघायचं राहून गेलं असेल. ह्या वयात होतं असं. मी सांभाळून घेतो." मी त्यांना सांगितलं की मी बघितलं होतं, काटा उभा होता. त्यावर त्यांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग माझाही माझ्यावरचा विश्वास उडाला. डोळे मिटले की कधी काटा उभा दिसायचा, कधी ठिपक्याच्या पार गेलेला. मी जेवणसुद्धा टाकलं होतं.

आज सकाळी ट्रक ओळखून दाखवण्यासाठी मला ठाण्याच्या आवारात नेलं. आग फायरब्रिगेडने वेळेत विझवल्यामुळे केबिनचा तळ जळाला आहे, पण डॅशबोर्ड शाबूत आहे. बॅटरी पलीकडच्या बाजूला असल्याने तिलाही काही झालेलं नाही. मीटर कसा चालतो ते दाखवा असं साहेब म्हणाले. मी चावी फिरवली. पाण्याचा काटा खाली पडून राहिला, कारण इंजिन आगीच्या दिवसापासून बंद आहे. तेलाचा काटा उठला आणि सरळ उभा राहिला.

मी चावी बंद करून पुन्हा फिरवली. पुन्हा तसंच. मी खाली वाकून गिअरबॉक्सला हात लावला. तो दगडासारखा गार होता.

साहेबांच्या परवानगीने, त्यांच्यासमोर, मी मीटर बाहेर ओढला. गिअरबॉक्सकडून येणारी वायर मीटरच्या मागे तोडलेली होती. तिच्या जागी एक बारीक रेझिस्टन्स जोडला होता, ज्याने तेल गरम असो की थंड, काटा एकाच जागी उभा राहतो. जोडावर टेप होती. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं, कानासारखं. ते काम कुणाच्या हातचं आहे हे मी साहेबांना तिथेच सांगितलं.

त्यावर साहेबांनी मला जावयांचा जबाब वाचून दाखवला. सासऱ्यांची नजर कमी झाली आहे, ते हल्ली मीटर बघत नाहीत, सांगितलं तर ऐकत नाहीत, असं त्यात लिहिलं आहे. हा जबाब त्यांनी आगीच्या दुसऱ्याच दिवशी दिला होता. त्या दिवशी ते मला म्हणाले होते की व्हॅनची किल्ली ठाण्यात द्यायला जातो.

मी माझा जबाब देण्याआधी घरी जाऊन येऊ द्या अशी विनंती केली. साहेबांनी सोबत शिपाई दिला, तो खाली थांबला. वर स्वयंपाकघरात दोघेही होते. मी मीटरचं सांगितलं. जावयांनी नाकारलं नाही. ते म्हणाले, "कूलर लावूनही काटा तुमच्या ठिपक्यापर्यंत जात होता, बाबा. रोजचे वाद नकोत म्हणून केलं. एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

मी विचारलं, "आणि रोज गाडी गरम करून देत होता, ते?"

ते खाली बघत म्हणाले, "थंड गाडीत काटा उभा दिसला असता तर तुम्हाला लगेच कळलं असतं."

मी त्यांना म्हणालो की माणसाने गळा कापायचा तर सुरीने कापावा, तुम्ही केसाने कापलात. ते म्हणाले की तुमचं गाडी चालवण्याचं वय तसंही संपत आलं आहे, लायसन्स गेलं तर घरी बसाल, माझ्यापुढे सगळं आयुष्य पडलं आहे, तर माझ्या जबाबाशी जुळेल असाच जबाब द्या. एवढं बोलून होईपर्यंत ते एकदाही अडखळले नाहीत.

मुलगी सिंकपाशी कप विसळत पाठमोरी उभी होती. मी तिला विचारलं, तू मला रोज दुसरा कप का देत होतीस. तोच कप ती पुन्हा विसळत राहिली. मग वळून न बघता म्हणाली, "तुमची नजर खरंच कमी झालीय, बाबा." मी दारात उभा होतो. तिच्या करंगळीच्या नखावरचं लाल नेलपॉलिश कडेला उडालेलं मला तिथून दिसत होतं. जावयांनी केलं त्याचा मला राग आला. तिने केलं त्याचा राग येत नाही, नुसतं दुखतं. मी खाली उतरलो आणि शिपायाबरोबर इथे आलो.

बेकरीवाल्या बाईंना मी स्वतः बोट दाखवून काटा दाखवला होता, तेव्हा त्यांनी माझ्यावरचा राग सोडू नये. पण काट्याकडे मी बघितलं नाही, हे खोटं आहे. मी बघितलं होतं. दोन्ही वेळा बघितलं होतं.

साहेब हा जबाब मला वाचून दाखवू लागले तेव्हा कागद मी मागून घेतला आणि चष्मा न लावता, त्यांच्यासमोर, मोठ्याने मीच वाचला. दुसऱ्या कपाचं वाक्य आलं तिथे थांबलो. खोडायचं का, असं साहेबांनी विचारलं. मी राहू द्या म्हणालो आणि पुढे वाचलं. मी सांगितलं तसंच लिहिलं आहे, त्यात एक अक्षर कमी-जास्त नाही, म्हणून खाली सही करतो.