दोन मापांच्या विटा

मी, सारिका योगेंद्र देवरे, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (पाईपच्या कारखान्यात माल तपासणी), राहणार पिंप्राळा, जळगाव, मूळ गाव शिंदखेडा, जिल्हा धुळे. खेळण्यांचे दुकानदार रतिलाल यांनी माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीवरून मला बोलावल्याने आज दि. १८/०८/२०२५ रोजी दुपारी १२.१५ वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, पती व माझे वडील असे राहतो. वडील उखर्डू भामरे (यांना आम्ही आबा म्हणतो), वय ७१, यांचे शिंदखेड्यास ऑईल इंजिन व मोटारपंप दुरुस्तीचे दुकान होते. एप्रिलमध्ये त्यांना लकवा मारला व उजवा हात अधू झाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी सांगितले की, बोटांना बारीक काम द्या, सहा महिन्यांत जेवढा हात सुधारेल तेवढाच. प्लास्टिकच्या विटा जोडून वस्तू बनवायचा संच त्यांनीच सुचवला. आबांनी ट्रॅक्टर पाहिजे म्हणून सांगितले.

परदेशी नामांकित कंपनीचा असा संच साडेसात हजारांना आहे. तो मला परवडत नाही. रतिलाल यांनी दुसऱ्या कंपनीचा संच दाखवला, ८१२ विटा, किंमत १,६५० रुपये. "ताई, डिट्टो तोच माल. नुसतं नाव नाही," असे ते म्हणाले. स्वस्त माल म्हणजे खराब माल असे मी मानत नाही. माझी नणंद भाविका हिच्याकडे अशाच पर्यायी कंपनीचा संच आहे. विटा टक्कन बसतात आणि तो तिला याहून शंभर रुपये कमी पडला. म्हणून मी विश्वासाने घेतला.

दि. २८/०७ पासून आबा रोज सकाळी दोन तास बसत. इंजिनचा भाग चार वेळा तयार झाला आणि चारही वेळा सुटून पडला. अकराव्या दिवशी त्यांनी विटा खोक्यात भरल्या व म्हणाले, "माय, मना हात आते कामना नही ऱ्हायना." तेव्हापासून ते डाव्या हाताने जेवतात. मॅडम आल्या की झोपेचे सोंग घेतात.

काल रविवारी खोके माळ्यावर टाकण्याआधी मी दोन विटा सहज जोडून पाहिल्या. हलवताच निसटल्या. मी जाडी-व्यास मोजायचा व्हर्नियर काढून चाळीस विटा मोजल्या. चोवीस विटांच्या वरच्या बटणाचा व्यास ४.८ मिलिमीटर, बाकी सोळांचा ४.६. लाल रंगही दोन तऱ्हेचा. एकाच पाकिटात दोन लॉटचा माल भरलेला. आमच्या कारखान्यात असे झाले तर त्याच दिवशी मला घरी बसवतील.

सायंकाळी ५.३० वाजता मी आबांना रिक्षाने दुकानात नेले. पैसे परत मागितले नाहीत. "माल खराब आहे, एवढं आबांना तुमच्या तोंडाने सांगा," इतकेच म्हणाले. मी सांगून आबांना पटत नव्हते. लेक आपले मन राखते असे त्यांना वाटत होते. रतिलाल हसले. "एवढ्या पैशात अजून काय पाहिजे? आणि तुमच्या वडिलांच्या बोटांत जोर नाही, त्याला माल काय करील?" हे ते पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर, आबांच्या तोंडावर बोलले.

माझे डोके फिरले. काउंटरवर तोच ट्रॅक्टर नमुना म्हणून मांडलेला होता. तो मी उचलून आपटला. तो कपाटाला लागून काच फुटली व तो फरशीवर पडला, हे खरे आहे. काचेचे पैसे मी देईन. ट्रॅक्टर मात्र फुटला नाही. सुट्या विटांचा ट्रॅक्टर फरशीवर आपटतो आणि त्याची एक वीट निखळत नाही, हे कसे, ते तक्रारीत लिहिलेले नाही. आबांनी वाकून तो उचलला, सांध्यात नख घातले व म्हणाले, "हाई ते चिकटाडेल शे." नमुना गोंद लावून जोडलेला होता. म्हणजे विटा धरत नाहीत हे रतिलाल यांना पहिल्यापासून माहीत होते. आणि तरी हा माणूस माझ्या बापाच्या बोटांवर बोलला.

प्रकरण मिटवता का, असे मला विचारण्यात आले. रतिलाल संचाचे पैसे द्यायला तयार आहेत. आबांसमोर ते एक वाक्य बोलायला तयार नाहीत. मी मिटवणार नाही.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, आबांच्या बोटांत जोर नाही हे रतिलाल काल म्हणाले. त्याआधी अकरा दिवस मी म्हणत होते. डबा भरता भरता, वळूनही न बघता, "आबा, नीट दाबा ना. जोर लावा." कारखान्यात मी दिवसाला दोनशे नग मोजते. घरात तेव्हा एक वीट मोजली नाही. आधी बापाला रिजेक्ट केले. हे मी आबांना अजून सांगितलेले नाही. जबाब घेणारे साहेब म्हणाले, याचा तक्रारीशी संबंध नाही, गाळू. गाळू नये.

जबाब मला वाचून दाखवला. शेवटचा परिच्छेद मी पुन्हा वाचायला लावला. सर्व मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) सारिका यो. देवरे