लव्हेंडरचं तेल आणि उजवं वळण

शुक्रवार, १४ मार्च १९८६, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या ड्रायव्हिंग लायसन्स ऑफिसातल्या रांगेत अकरा माणसं होती. नववे होते निवृत्त इंजिनिअर उल्हासराव. पाठीमागे मराठी सुरू झालं आणि त्यांचे कान टवकारले.

“वसुधामावशी, खांदा कसा आहे?”

“आज कळेल. मागच्या टेस्टला उजव्या वळणाची खूण करायला इथे डावा हात खिडकीबाहेर काढून वर करायचा, तर मेला वरच जाईना. नापास.”

“म्हणून तर मसाजच्या क्लासमधून लव्हेंडर ऑइल आणलं. बदामाच्या तेलात थेंब टाकून चोळलंस ना?”

“रोज चोळलं, सुनेत्रा. आधी कढल्यात कडकडीत तापवून.”

“तापवलंस? अगं, सगळा वास उडून गेला असेल.”

“वास भरपूर आहे. तुझे काका विचारत होते, फोडणी कसली घातलीस?”

“मावशी, त्यात आणखी काय घातलंस?”

“लसूण आणि ओवा. नुसत्या सुगंधाने सांधा सुटतो होय?”

“क्लासमध्ये सांगू नकोस, मला काढून टाकतील.”

“सोमवारपासून लायब्ररीत जॉब आहे. लायसन्स नाही, तर जॉब नाही. माझा हात वर जायला हवा.”

तेवढ्यात टेस्टच्या यादीतून वसुधाबाईंचं नाव पुकारलं गेलं. उल्हासराव रांग सोडून बाहेर बघायला खिडकीशी गेले.

गाडीत बसताक्षणी परीक्षकाने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली. गाडी फाटकापाशी आली. दुसऱ्या खिडकीतून एक हात बाहेर आला, कोपरात वळला आणि ताठ वर गेला.

उल्हासरावांनी नजरेनेच कोन मोजला. नव्वद अंश.